घाटाखालचा शेजारी: आक्विनो द ब्रागांझा

अनमोडचा घाट उतरला की गोवा लागतो. आपल्या जोयडा तालुक्यातल्या माणसाला हे अंतर अंतर वाटतच नाही. कोणाची बहीण सांग्याला दिलेली असते, कोणाचा मुलगा फोंड्याला कारखान्यात असतो, कोणाचे कुलदैवत खाली असते. पण १९६१ पर्यंत हा घाट दोन सत्तांची हद्द होता, हे नव्या पिढीला सांगावे लागते. वर कॅसलरॉकला आधी इंग्रजांची आणि नंतर भारत सरकारची जकात, खाली कुळ्याला पोर्तुगीजांची. गाडी थांबायची, सामान उघडायचे, कागद दाखवायचे आणि मग पुढे. १९५५ साली तर गाडीच बंद झाली आणि गोवा मुक्त होईपर्यंत बंद राहिली.

गोव्यातल्या तरुणाला तेव्हा बाहेर पडायला दोन वाटा होत्या. एक ही घाटाची, जी बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबईला जाई. दुसरी मुरगावच्या बंदरातून समुद्राची, जी आफ्रिकेला आणि पोर्तुगालला जाई. दुसऱ्या वाटेने गेलेल्या एका माणसाविषयी यंदाच्या स्मरणिकेत लिहावेसे वाटले. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेद म्हटला की आपल्याला महात्मा गांधी आठवतात, नेल्सन मंडेला आठवतात. त्याच लढ्यात आपल्या शेजारच्या बार्देशमधला एक माणूस आयुष्यभर राबला आणि त्यातच गेला, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. त्यांचे नाव आक्विनो द ब्रागांझा.

आधी एक घोटाळा निस्तरतो. गोव्यात ब्रागांझा आडनावाची मोठी माणसे पुष्कळ. पणजीची संस्था ज्यांच्या नावाने आहे ते पत्रकार लुईस द मेनेझिस ब्रागांझा वेगळे. गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणून ज्यांना मानतात ते त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा तेही वेगळे. आपले आक्विनो या दोघांनंतरच्या पिढीतले. जन्म ६ एप्रिल १९२४.

ते मोठे होत होते तेव्हा लिस्बनमध्ये सालाझारची हुकूमशाही घट्ट बसलेली होती. वर्तमानपत्रावर तपासणी, सभेवर बंदी. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली, तेव्हा आक्विनो बावीस वर्षांचे होते. त्यानंतर गोव्यात धरपकड झाली आणि कुन्हांसारख्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात धाडले गेले. हुशार मुलाने डॉक्टर, वकील किंवा सरकारी कारकून व्हावे आणि गप्प राहावे, अशी त्या काळची रीत होती.

कारकून व्हायचे तर मोझांबिक जवळचे. हे ऐकून काही वाचकांना नवल वाटेल, पण १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभारच गोव्याच्या व्हाइसरॉयकडे होता. वेगळा झाल्यानंतरही तिथल्या टपाल, रेल्वे, जकात, महसूल अशा खात्यांत गोव्याची माणसे भरलेली असत. साहेब पोर्तुगीज, राबणारा आफ्रिकी आणि मध्ये टेबलावर आपला गोंयकार. मला स्वतःला सरकारी कचेरीत वीसेक वर्षे झाली. त्यामुळे ही मधली खुर्ची कशी असते याची थोडी कल्पना आहे. वरचा हुकूम खाली पोचवायचा आणि खालचे गाऱ्हाणे वर जाऊ द्यायचे नाही, एवढ्यासाठी ती मांडलेली असते. त्या खुर्चीवर बसून पिढ्या सुखात गेल्या, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पोट सर्वांनाच आहे.

आक्विनो चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मोझांबिकला गेले, पण त्या खुर्चीत रमले नाहीत. तिथला कायदा माणसांची सरळ विभागणी करीत होता. बहुसंख्य आफ्रिकी लोक ‘देशी’ या वर्गात. त्यांना नागरिकाचे हक्क नाहीत, सक्तीची मजुरी मात्र आहे. पोर्तुगीज भाषा, पोशाख, खाणेपिणे अंगीकारून परीक्षा दिल्यासारखे सिद्ध करणाऱ्या मोजक्यांना नागरिकत्व. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत १९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि तिने वर्णभेदाला कायद्याची चौकट दिली. पोर्तुगीज म्हणत की आमच्याकडे तसे काही नाही. कागदावर नव्हतेही. पण रेषा तीच होती, फक्त तिच्यावर पाटी लावलेली नव्हती.

तिथून ते युरोपात गेले, फ्रान्समध्ये त्यांनी पदार्थविज्ञानाचा अभ्यास केला. पॅरिसमध्ये त्या वर्षांत पोर्तुगीज वसाहतींतले बंडखोर तरुण जमत होते. मोझांबिकचे मार्सेलिनो दुस सांतुस, अंगोलाचे मारिओ द आंद्राद ही त्यांतली ठळक नावे, दोघेही कवी. गिनी-बिसाऊचे शेतीतज्ज्ञ आमिल्कार काब्राल याच पिढीतले. अंगोला, मोझांबिक, गिनी आणि गोवा यांचा मालक एकच, तेव्हा लढाही एकच, हे या मंडळींना उमगले. आज ते साधे वाटते. तेव्हा गोव्यातल्या बहुतेकांना आपला प्रश्न आफ्रिकेच्या प्रश्नाशी जोडलेला आवडत नसे. आम्ही त्यांच्यातले नव्हे, अशी भावना शिकलेल्या लोकांत सर्रास होती. ही भावना आक्विनोंच्या मनात घर करू शकली नाही, इथेच त्यांचे वेगळेपण आहे असे मला वाटते.

पुढे ते मोरोक्कोत शिक्षक झाले. एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांका शहरात पोर्तुगीज वसाहतींतल्या राष्ट्रवादी संघटनांची परिषद भरली आणि त्यांची एक संयुक्त संघटना स्थापन झाली. गोव्याचे प्रतिनिधीही तीत होते. आक्विनो या संघटनेच्या संस्थापकांपैकी. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींच्या प्रश्नावर परिसंवाद झाला. आफ्रिकेतले पुढारी तिथे आले आणि त्यांनी भारताला सांगितले की गोव्याचा निकाल लावा, म्हणजे आमच्याकडच्या साम्राज्यालाही तडा जाईल. दोनच महिन्यांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. त्याचा राग सालाझारने मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांवर काढला. दुकाने जप्त झाली, हजारो माणसे छावण्यांत कोंडली गेली आणि पुढे देशाबाहेर घालवली गेली. एका ठिकाणच्या स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्या ठिकाणच्या गुजराती दुकानदाराने मोजली, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत येत नाही.

गोवा सुटला म्हणजे आक्विनोंचे काम संपले, असे कोणीही म्हणाले असते. घरी यायला हरकत नव्हती. शिकलेला, भाषा जाणणारा माणूस. नव्या गोव्यात त्यांना चांगली जागा मिळाली असती. ते आले नाहीत. १९६२ साली अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि अल्जिअर्स हे शहर साऱ्या आफ्रिकेतल्या लढवय्यांचे माहेरघर बनले. मंडेला अटकेपूर्वी त्याच वर्षी मोरोक्कोत अल्जीरियन सैनिकांच्या छावणीत शिक्षण घेऊन गेले होते. आक्विनोंनी अल्जिअर्समध्ये बिऱ्हाड केले आणि १९७४ पर्यंत तिथे पत्रकारिता केली. फ्रेंच भाषेतले ‘आफ्रिक-आझी’ हे नियतकालिक उभारण्यात त्यांचा हात होता.

पत्रकाराचे हे काम दिसायला किरकोळ. पण लढणाऱ्या संघटना जंगलात असतात, त्यांचे पाठीराखे परदेशांत असतात आणि शत्रूकडे रेडिओ, छापखाने, वकिलाती सगळे असते. अशा वेळी कोण कोणाशी बोलतो आहे, कोणाच्या मनात काय आहे, हे जाणणारा आणि दोन्हीकडे विश्वासाचा असलेला माणूस तोफेपेक्षा उपयोगी पडतो. आक्विनो तसे झाले. मोझांबिकची फ्रेलिमो ही संघटना १९६२ साली दार-ए-सलाममध्ये स्थापन झाली आणि १९६४ पासून तिने सशस्त्र लढा सुरू केला. तिचे पहिले अध्यक्ष एदुआर्दो मोंदलाने यांना ३ फेब्रुवारी १९६९ रोजी टपालाने एक पुस्तक आले. ते उघडताच स्फोट झाला आणि ते गेले. त्यांच्यानंतर आलेले सामोरा माशेल हे मूळचे दवाखान्यातले परिचारक. त्यांचा आणि आक्विनोंचा स्नेह शेवटपर्यंत टिकला.

पोर्तुगाल, ऱ्होडेशिया आणि दक्षिण आफ्रिका या तिन्ही गोऱ्या सत्ता त्या वेळी एकमेकींना धरून उभ्या होत्या. याचे एक उदाहरण आपल्या लोकांना लगेच कळेल. झांबेझी नदीवर पोर्तुगीजांनी काहोरा बासा हे प्रचंड धरण बांधायला घेतले. पाणी मोझांबिकचे, बुडालेली जमीन मोझांबिकची, वीज मात्र मुख्यतः दक्षिण आफ्रिकेसाठी. सुपा गाव पाण्याखाली गेल्यावर रामनगरला येऊन राहिलेल्या कुटुंबांना यावर जास्त काही समजावून सांगायला नको. अर्थात आपले धरण आपल्या सरकारने बांधले आणि वीज आपल्याच राज्यात आहे, तुलना तेवढ्यापुरतीच.

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली. जग आनंदले, पण फ्रेलिमोपुढे पेच होता. नव्या सरकारात निरनिराळे सूर होते. राष्ट्रपती स्पिनोला यांना वसाहती सोडायच्या नव्हत्या, संघराज्यासारखे काही करून त्या ठेवायच्या होत्या. बोलणी करायची तर कोणाशी? सामोरांनी आक्विनोंना लिस्बनला धाडले. हाती अधिकृत पद नाही, शिष्टमंडळ नाही. पत्रकार म्हणून फिरायचे आणि खरी सत्ता कोणाकडे आहे ते शोधायचे. त्यांनी शोधले ते असे की सत्ता मंत्र्यांकडे नाही, राष्ट्रपतींकडेही नाही; क्रांती करणाऱ्या त्या अधिकाऱ्यांकडे आहे, आणि त्यांना युद्ध नको आहे. हा निरोप फार मोलाचा ठरला. ७ सप्टेंबर १९७४ रोजी लुसाका येथे करार झाला आणि २५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला.

आम्हा सरकारी माणसांना पदनामाशिवाय माणूस समजत नाही. स्वतंत्र मोझांबिकमध्ये गोव्याच्या वंशाचे ओस्कार मोंतेइरो यांच्यासारखे लोक मंत्री झाले. आक्विनो मंत्री झाले नाहीत. ते राष्ट्रपतींचे सल्लागार राहिले आणि १९७६ साली एदुआर्दो मोंदलाने विद्यापीठात आफ्रिकी अभ्यास केंद्र निघाले, त्याचे संचालक झाले. मरेपर्यंत ते त्याच जागी होते.

हे केंद्र म्हणजे निव्वळ पुस्तके लिहिणारी संस्था नव्हती. तिच्या पहिल्या कामांपैकी एक ऱ्होडेशियाविषयी होते. मार्च १९७६ मध्ये मोझांबिकने ऱ्होडेशियाची हद्द बंद केली. बंदर आणि रेल्वे यांचे उत्पन्न बुडाले. गरीब देशाने स्वतःच्या पोटावर पाय देऊन शेजाऱ्याच्या स्वातंत्र्याला मदत केली. अशा वेळी शेजारच्या देशात नेमके काय चालले आहे याची खरी माहिती सरकारला हवी होती, घोषणा नको होत्या.

दुसरे काम त्याहून महत्त्वाचे. त्यासाठी १९७७ साली रूथ फर्स्ट मापुतोला आल्या. या जोहान्सबर्गच्या गोऱ्या ज्यू कुटुंबातल्या पत्रकार. वर्णभेदाविरुद्ध लिहिले म्हणून १९६३ साली त्यांना ११७ दिवस एकांतकोठडीत ठेवले होते. पती जो स्लोवो हे कम्युनिस्ट पुढारी आणि मंडेलांचे सहकारी. रूथ पुढे केंद्राच्या संशोधन संचालक झाल्या. स्वभावाने अगदी निराळी असलेली ही दोन माणसे, रूथ कामात कडक आणि आक्विनो गप्पिष्ट, पण जोडी जमली.

त्यांनी विषय घेतला मोझांबिकच्या खाण कामगारांचा. दक्षिण मोझांबिकच्या खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पुरुष जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत जात. स्वातंत्र्याच्या सुमारास ही संख्या लाखाच्या वर होती. पोर्तुगीज सरकारचा खाणमालकांशी करारच होता: मजुराच्या पगाराचा काही भाग राखून ठेवायचा, तो सरकारला सोन्याच्या रूपात सरकारी भावाने मिळायचा आणि मजुराला गावी परतल्यावर स्थानिक चलनात द्यायचा. म्हणजे माणूस खाणीत खपे आणि त्याच्या घामाच्या सोन्यावर लिस्बनचा नफा. स्वातंत्र्यानंतर दक्षिण आफ्रिकेने ही भरती निम्म्याहून खाली आणली.

केंद्राचे संशोधक आणि विद्यार्थी गटागटाने इन्याम्बाने प्रांतातल्या खेड्यांत गेले. घराघरांत बसून त्यांनी विचारले की घरचे किती खाणीत, किती दिवस, पैसा किती येतो, त्यात काय घेतले, शेत कोण करते. कोकणातल्या मनीऑर्डरवर चालणाऱ्या घरांचे वर्णन ज्यांनी वाचले आहे किंवा भोगले आहे त्यांना ते चित्र ओळखीचे वाटेल. निष्कर्ष असा निघाला की वर्णभेद ही केवळ गोऱ्यांच्या मनातली घृणा नाही. तो मजुरी स्वस्त ठेवण्याचा एक हिशेब आहे. कामगार खाणीत असताना त्याची बायकामुले खेड्यातल्या शेतावर जगतात, तो आजारी पडला, म्हातारा झाला की खेडेच त्याला पोसते, म्हणून खाणमालकाला पुरा पगार द्यावा लागत नाही. आणि म्हणूनच ही वाट एका दिवसात बंद करूनही चालत नाही. केली तर आधी उपाशी मरतील ती ही घरे. शत्रू दारात आहे आणि चूलही त्याच्याच पैशावर पेटते, हे आपल्याच सरकारला स्पष्टपणे सांगणे सोपे नव्हते. आक्विनोंच्या केंद्राने ते सांगितले.

वर्णभेदी राजवटीला बंदुकीची भीती वाटत होतीच, या अभ्यासाचीही वाटू लागली असावी. १७ ऑगस्ट १९८२. केंद्राने नुकतीच दक्षिण आफ्रिका खंडभागातल्या समाजशास्त्रज्ञांची एक परिषद भरवली होती. रूथ यांच्या खोलीत आक्विनो, दक्षिण आफ्रिकेचे पॅलो जॉर्डन आणि संशोधक ब्रिजेट ओलॉफलिन जमले होते. रूथ यांनी आलेले टपाल उघडायला घेतले. मोंदलानेंच्या बाबतीत झाले तेच झाले, आणि तेही त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात. रूथ जागीच गेल्या. बाकीचे तिघे जखमी झाले. हा बॉम्ब दक्षिण आफ्रिकेच्या गुप्त पोलिसांनी पाठवला होता. त्यात हात असलेला अधिकारी क्रेग विल्यमसन याने पुढे सत्य आणि सलोखा आयोगापुढे कबुली दिली आणि २००० साली त्याला माफी मिळाली. त्या माफीवर रूथ यांच्या मुली संतापल्या. त्यांचे चुकले असे मला वाटत नाही.

आक्विनो बरे झाले आणि त्याच केंद्रात परत कामाला बसले.

पुढची दोन वर्षे फार वाईट गेली. रेनामो नावाचे सशस्त्र बंडखोर दल मूळ ऱ्होडेशियाच्या हेरखात्याने उभे केले होते. १९८० साली ऱ्होडेशियाचा झिंबाब्वे झाल्यावर ते दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराने दत्तक घेतले. या दलाने शाळा, दवाखाने, रेल्वेमार्ग, आठवडी बाजाराला जाणाऱ्या गाड्या उद्ध्वस्त केल्या. वर दुष्काळ पडला. दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने १९८१ साली मापुतोजवळच्या मातोला येथे घुसून मंडेलांच्या पक्षाच्या, म्हणजे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या लोकांना मारले होते. शेवटी १६ मार्च १९८४ रोजी सामोरांनी दक्षिण आफ्रिकेचे पी. डब्ल्यू. बोथा यांच्याशी न्कोमाती नदीच्या काठी करार केला. तुम्ही रेनामोला मदत थांबवा, आम्ही आमच्या भूमीवरून तुमच्यावर हल्ले होऊ देणार नाही. त्याप्रमाणे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची माणसे मोझांबिकमधून बाहेर काढली गेली. ज्या जो स्लोवोंची पत्नी दीड वर्षापूर्वी मापुतोच्या मातीत पुरली होती, त्यांनाही जावे लागले.

आक्विनोंच्या चरित्रातला हा सर्वांत अवघड भाग आहे. पंचवीस वर्षे ज्या लढ्यासाठी घालवली त्यातल्या सोबत्यांना आपल्याच सरकारने दार दाखवले, आणि आपण त्या सरकारच्या प्रमुखाचे सल्लागार. त्यांनी राजीनामा दिला नाही, सामोरांची साथ सोडली नाही. कोणी याला लाचारी म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. ज्याच्या देशात रोज शाळा जळत आहेत त्याने युद्ध थांबवण्यासाठी शत्रूशी हात मिळवला, तर लांबून नावे ठेवणे सोपे असते. पण या कराराने मनाला लागते हेही खरे, आणि करार फसला हेही खरे. १९८५ च्या ऑगस्टमध्ये गोरोंगोझा येथील रेनामोचा तळ पडला तेव्हा सापडलेल्या कागदांवरून दिसले की दक्षिण आफ्रिकेने मदत थांबवलीच नव्हती. मोझांबिकने शब्द पाळला, समोरच्याने मोडला.

याच काळात आक्विनोंनी झाक देपेलशां यांच्याबरोबर एक निबंध लिहिला. फ्रेलिमोचा इतिहास हा एकामागून एक विजयांची ओवी म्हणून सांगणे पुरे करा, त्यातले मतभेद, चुका, अपयश यांचाही अभ्यास करा, नाहीतर आजची संकटे कशी आली ते समजणार नाही, असा त्याचा रोख होता. सत्तेत बसलेल्या पक्षाच्या अगदी आतल्या माणसाने हे लिहिले. गणपतीच्या मांडवात भाषणे ऐकताना मला कधीकधी त्याची आठवण होते. आपण आपल्या थोरांना शेंदूर फासून टाकतो आणि मग ते काय करत होते ते दिसेनासे होते.

त्यांचे दुसरे मोठे काम अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल वॉलरस्टाइन यांच्याबरोबरचे. आफ्रिकेतल्या मुक्तिलढ्यांची पत्रके, भाषणे, ठराव असे मूळ कागद गोळा करून त्यांनी तीन खंड काढले. इंग्रजीत ते १९८२ साली आले. ज्या संघटनांची दप्तरे जंगलात भिजली, जळली किंवा पोलिसांनी नेली त्यांचे निदान काही कागद त्यामुळे राहिले. कचेरीत जुनी फाईल शोधताना ज्यांची दमछाक झाली आहे त्यांना या कामाची किंमत कळेल.

पहिल्या पत्नीच्या निधनानंतर आक्विनोंनी गोव्याच्या चित्रकार सिल्विया यांच्याशी विवाह केला होता. साठी ओलांडली होती. गोव्याशी तुटत आलेला धागा या लग्नाने पुन्हा जुळला.

१९८६ च्या ऑक्टोबरात तणाव शिगेला पोचला. ६ तारखेला सरहद्दीजवळ सुरुंग फुटून दक्षिण आफ्रिकेचे सहा सैनिक जखमी झाले. तिथल्या संरक्षणमंत्र्यांनी सामोरांना उघड धमकी दिली. लगेच घोषणा झाली की मोझांबिकमधून खाण कामगारांची नवी भरती बंद आणि असलेल्यांना परत पाठवणार. बॉम्ब नाही, गोळी नाही. इन्याम्बानेच्या त्या चुलींवरच घाव. केंद्राने नऊ वर्षांपूर्वी ज्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले होते, शत्रूला ती जागा पक्की माहीत होती.

१९ ऑक्टोबरला सामोरा झांबियातल्या म्बाला येथे शेजारी राष्ट्रांच्या प्रमुखांच्या बैठकीला गेले. झांबियाचे कौंडा, अंगोलाचे दुस सांतुस, झाईरचे मोबुटू तिथे होते. दक्षिण आफ्रिकेच्या हस्तकांना आसरा देणे थांबवावे यासाठी मोबुटूंवर दडपण आणायचे होते. आक्विनो राष्ट्रपतींबरोबर होते. संध्याकाळी परतीचा प्रवास सुरू झाला. रशियन बनावटीचे तुपोलेव्ह विमान, रशियन वैमानिक, आत ४४ माणसे. मापुतो जवळ आले असताना विमान वाट सोडून उजवीकडे वळले आणि रात्री नऊ-सव्वानऊच्या सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनी येथे लेबोम्बो टेकड्यांवर आदळले. सामोरा गेले, त्यांचे तरुण सचिव फर्नांदो होन्वाना गेले, आक्विनो गेले. वयाची बासष्ट वर्षे झाली होती. मोजके लोक वाचले. अपघात दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवर झाला, आणि मापुतोच्या सरकारला खबर मिळाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

दक्षिण आफ्रिकेने नेमलेल्या मार्गो आयोगाने वैमानिकांची चूक ठरवली. सोव्हिएत तज्ज्ञांचे म्हणणे निराळे होते. विमानाला दिशा दाखवणाऱ्या रेडिओ संकेतासारखाच खोटा संकेत कोणीतरी सोडला आणि विमान त्यामागे गेले, असे ते म्हणाले. वर्णभेद संपल्यावर सत्य आणि सलोखा आयोगाने हे प्रकरण पुन्हा पाहिले. मार्गो आयोगाच्या निष्कर्षांबद्दल त्याने शंका घेतल्या, पण ठाम निकाल दिला नाही आणि आणखी तपास व्हावा असे सुचवले. आजही मोझांबिकमध्ये रस्त्यावरच्या माणसाला विचारले तर तो घातपातच म्हणेल. दोन वेळा टपालातून बॉम्ब आलेल्या देशात दुसरे काय म्हणणार?

सिल्विया ब्रागांझा यांनी पुढे पतीचे चरित्र लिहिले; ते २०११ साली गोव्यात प्रसिद्ध झाले. मापुतोत त्यांच्या नावाने सामाजिक अभ्यासाचे एक केंद्र आहे. सामोरांच्या पत्नी ग्रासा माशेल यांनी १९९८ साली नेल्सन मंडेलांशी विवाह केला. पुढच्याच वर्षी १९ जानेवारीला ते दोघे म्बुझिनीच्या टेकडीवर गेले आणि तिथल्या स्मारकाचे उद्घाटन झाले. मोझांबिकचे वास्तुविशारद जुझे फोर्जाझ यांनी ते रचले आहे. पोलादाच्या ३५ उंच नळ्या ओळीने उभ्या आहेत, प्रत्येक मृतामागे एक. त्यांना फटी ठेवल्या आहेत. टेकडीवर वारा सुटला की त्या घुमतात आणि तो आवाज खालच्या गावात ऐकू जातो. त्या पस्तिसांतली एक नळी बार्देशच्या आक्विनोंची आहे.